बिनबियांचा घड

संध्याकाळचे सात वाजलेत. मार्च संपत आलाय, म्हणजे दोहात अजून बाहेर चालता येतं; महिनाभराने ते विसरायचं. तुम्ही लॅबमध्ये मायक्रोस्कोपपुढे बसला आहात. डाव्या हाताला कागदी कपातला करक चहा, वर साय धरलेला. उजव्या हाताला स्लाइडचा ट्रे. मोबाइलवर वडिलांचा मिस्ड कॉल. पिंपळगाव बसवंतला आता साडेनऊ झाले, जेवणं उरकली असणार, आणि फोनचा विषय ठरलेला: व्यापाऱ्याने काय भाव काढला, किती क्रेट निघाले, मण्याला साइज आहे पण गोडी कशी नाही. करू नंतर.

ट्रेमधली तिसरी स्लाइड घ्या.

हिचा डबा काल आला तेव्हा तुम्ही स्वतः चिमट्याने उचकटून पाहिला होता. फॉर्मलिनमध्ये राखाडी पडलेल्या चिंध्या, रक्ताच्या गुठळ्या, आणि मधेच बारीक देठांना लटकलेले पाणीदार, पारदर्शक मणी. भिजलेल्या साबुदाण्याएवढे. एखाददुसरा तुरीच्या दाण्याएवढा. हात, पाय, डोकं, नाळ यांपैकी काही नाही. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: दिवस अकरा आठवड्यांचे, पोट चौदा आठवड्यांचं, उलट्या थांबत नाहीत, रक्तातलं एचसीजी (वारेच्या पेशी सोडतात ते संप्रेरक) लाखांच्या घरात.

मराठीत याला द्राक्षगर्भ म्हणतात. इथल्या बायकांना डॉक्टर सांगतात, अल्-हम्ल अल्-उन्कूदी. उन्कूद म्हणजे घड. अरबी आणि मराठीने एकमेकींना न विचारता एकच फळ निवडलं. द्राक्षबागायतदाराच्या मुलीला दोन्ही नावं जरा जास्तच कळतात. वडिलांच्या बागेत थॉमसन सीडलेस आहे: घड भरघोस, मणी टपोरा, आत बी नाही.

पूर्वी बाया पाचव्या महिन्यात यायच्या तेव्हा हे घड खरोखर द्राक्षाएवढे असत, निदानाला मायक्रोस्कोपही लागत नसे. आता सोनोग्राफीत आठव्या-दहाव्या आठवड्यालाच शंका येते, गर्भाशय लगेच रिकामं करतात, आणि तुमच्या हाती येतो तो कोवळा, अर्धवट फुगलेला माल. साधा गर्भपात, अर्धा द्राक्षगर्भ की पूर्ण, हे नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ठरवताना दोन अनुभवी माणसांची दोन मतं पडतात. म्हणून ही तिसरी स्लाइड. ती एकाच प्रथिनासाठी रंगवली आहे. प्रथिनाचं नाव पी५७. ते ज्या पेशीत असेल तिचं केंद्रक तपकिरी दिसेल. नसेल तर निळं.

डोळा लावा. कडेला गर्भाशयाच्या अस्तराचा एक तुकडा आलाय, तो बाईचा स्वतःचा. त्यातली केंद्रकं तपकिरी, चहाच्या बुडाशी राहिलेल्या पुडीसारखी. म्हणजे रंग नीट लागलाय, मशीनने घोळ घातलेला नाही. आता स्लाइड डावीकडे सरकवा. वारेचे अंकुर येतात, फुगलेले, मधे पाण्याची तळी. निळे. पुढचा, निळा. त्याच्या पुढचा, निळा. अख्खा घड निळा.

एका स्लाइडवर आई आहे, आणि तिच्याच पोटातून निघालेल्या घडात आईचा रंग कुठेच नाही.

का ते पाहायचं असेल तर मायक्रोस्कोपचं मोठं चाक उलटं फिरवा.

थोडंसंच फिरलं की १९९५. न्यूयॉर्क आणि ह्यूस्टन इथल्या दोन प्रयोगशाळांनी एकाच वर्षी एकच प्रथिन पकडलंय. वजन सत्तावन्न किलोडाल्टन, म्हणून पी५७. काम एका शब्दात सांगायचं तर ब्रेक. पेशी दोन होण्याच्या बेतात असते तेव्हा तिला ढकलणारी काही एन्झाइम असतात. पी५७ त्यांच्यावर जाऊन बसतं आणि पेशी आहे तिथेच थांबते. ते घडवणाऱ्या जनुकाचं नाव सीडीकेएन१सी, पत्ता अकराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचं टोक. पुढच्याच वर्षी, १९९६ला, माणसातही या जनुकाची खोड स्पष्ट झाली. प्रत्येकाला त्याच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही धडधाकट, अक्षर न् अक्षर वाचता येईल अशा. पण वाचली जाते ती आईची. बापाची प्रत मिटून ठेवलेली असते.

अशा जनुकांना ठसा बसलेली जनुकं म्हणतात. माणसात ती शंभरच्या आसपास. बाकीची वीस हजार जनुकं आपण कोणाकडून आलो याची पर्वा करत नाहीत. या मूठभरांना मात्र ते आठवतं, कारण अंडं किंवा शुक्राणू तयार होत असतानाच डीएनएवर ठरावीक जागी मिथाइलचे बारीक गट चिकटवून खूण केलेली असते. या जनुकाच्या बाबतीत तर आणखी मौज. बापाच्या प्रतीशेजारून एक लांबलचक आरएनए निघतो. त्याचं प्रथिन बिथिन काही होत नाही. तो फक्त आजूबाजूच्यांना गप्प बसवतो, आणि त्यात पी५७चं जनुकही गप्प होतं. आईची मिथाइलची खूण असते ती या दांडगटाच्या तोंडावर. तिने त्याला गप्प केलं की तिच्या प्रतीचं जनुक बोलू लागतं.

आणि त्याच मोहल्ल्यात, थोड्या अंतरावर, आयजीएफ२ राहतं. ते वाढ करणारं. त्याची मात्र बापाची प्रत चालते, आईची बंद. हार्वर्डचे डेव्हिड हेग यांनी यावर मांडलेलं गणित असं: बापाच्या जनुकांना या गर्भाने आईकडून ओरबाडता येईल तेवढं ओरबाडलेलं परवडतं, आईला मात्र पुढच्या मुलांसाठीही अंगात काही राखायचं असतं. बाप जीए मारतो, आई विरळणी करते. (जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, नाशकात द्राक्षाचा घड त्यात बुडवतात, मणी फुगतो. हे सांगायला नको, पण दोहातल्या वाचकाला सांगितलेलं बरं.)

जाता जाता एक. माणसाच्या पी५७मध्ये मधल्या भागात प्रोलीन आणि ॲलानिन ही अमिनो आम्लं आलटून पालटून येतात. एकाक्षरी लिपीत पी आणि ए. म्हणून शास्त्रज्ञ त्या भागाला सरळ ‘पापा’ म्हणतात. फक्त आईच्या प्रतीतून बनणाऱ्या प्रथिनाच्या पोटात पापा. याला मी योगायोगच म्हणेन, पण हसू येतं ते येतंच.

चाक आणखी फिरवा.

१९८४, केंब्रिज. तुमच्यासमोर पुन्हा मायक्रोस्कोपच आहे, पण भिंगाखाली उंदराचं जिवंत अंडं. नुकतंच फळलेलं. आत दोन गोळे दिसतात, अजून एकमेकांत न मिसळलेले: मोठा बापाचा, लहान आईचा. केसाहून बारीक काचेची नळी येते, एक गोळा अलगद ओढून घेते आणि दुसऱ्या अंड्यात सोडते. नळी चालवणारी मंडळी आहेत केनियातल्या किसुमूत जन्मलेले अझीम सुराणी आणि त्यांच्या सहकारी शीला बार्टन. प्रश्न अगदी पोरासोरांना पडेल असा आहे: दोन आयांचं पिल्लू होईल का? दोन बापांचं?

नाही होत. पण कसं नाही होत, हे पाहण्यासारखं आहे. दोन आयांच्या अंड्यातून पिल्लू धरतं, बऱ्यापैकी आकारही घेतं, पण वार इतकी किरकोळ की ते टिकत नाही. दोन बापांच्या अंड्यात उलट. वार जोमदार, पिल्लू नावापुरतं. त्याच वर्षी फिलाडेल्फियात मॅकग्रा आणि सोल्टर हेच पाहतात. मेंडेलच्या वाटाण्यांपासून सगळे धरून चालले होते की जनुक आईचं असो की बापाचं, सारखंच. ते गृहीतक इथे, या काचेच्या नळीच्या टोकाशी, मोडलं.

पण माणसात हा प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला होता. अर्धा वेढा आणखी मागे गेलात तर १९७७चं जपान लागतं. तादाशी काजी आणि त्यांचे सहकारी ओहामा द्राक्षगर्भाची गुणसूत्रं रंगवून बसलेत. प्रत्येक माणसाच्या गुणसूत्रांवर पट्ट्यांच्या काही घरगुती खुणा असतात, कुठे एखादा टोकाचा ठिपका जास्त चमकतो, कुठे कमी. आईच्या खुणा एका बाजूला, बापाच्या दुसऱ्या बाजूला, मधे घड. घडातली प्रत्येक खूण बापाच्या कागदाशी जुळते. आईच्या कागदाशी एकही नाही.

बहुतेक वेळा झालेलं असतं असं. अंड्याचं केंद्रक कुठेतरी हरवतं. रिकाम्या अंड्यात शुक्राणू शिरतो आणि स्वतःचीच तेवीस गुणसूत्रं दुप्पट करून शेहेचाळीस भरतो. वायवाला शुक्राणू असेल तर वाय-वाय होऊन सगळं तिथेच संपतं, म्हणून जे वाढतात ते बहुतेक एक्स-एक्स. निव्वळ बापाचा, आणि तरी स्त्रीलिंगी. आईचं उरतं ते पेशीतल्या मायटोकाँड्रियांपुरतं. बापाच्या दोन्ही प्रती मिटलेल्या, आईची प्रत नाहीच, मग पी५७ कुठून येणार? ब्रेक नाही, आयजीएफ२ दुप्पट. वार फुगत जाते, कारण तिला थांब म्हणणारं कोणी राहिलेलं नाही. तुमच्या स्लाइडवरचा निळा रंग तो हा.

आता चाक सोडून द्या. १९५६ला ते आपणच थांबेल.

वॉशिंग्टनजवळचं बेथेस्डा. सरकारी संशोधन रुग्णालयाचा वॉर्ड. खाटेवर एक तरुण बाई, ओठांवर रक्त. हिला काही महिन्यांपूर्वी घड पडला होता. बहुतेक जणींचं गर्भाशय रिकामं केलं की संपतं. काहींचं मात्र मागे राहिलेल्या पेशींतून पुन्हा सुरू होतं, आणि त्यांतल्या काहींचा कोरिओकार्सिनोमा होतो: बेताल वारेचा कॅन्सर, रक्तातून फुप्फुसात जाणारा. एक्स-रेवर तिची फुप्फुसं पाहा. कापसाचे बोळे ठेवल्यासारखे पांढरे गोल.

मिन चिउ ली नावाचा चिनी डॉक्टर तिला मेथोट्रेक्सेटची इंजेक्शनं देतोय. आठवडे जातात. बोळे विरघळतात. शरीरात पसरलेली घन गाठ नुसत्या औषधाने जाते, हे तोवर कोणी पाहिलेलं नव्हतं. एक्स-रे स्वच्छ झाला की थांबायचं हे सगळ्यांना उघड वाटतं. ली थांबत नाही. त्याचं लक्ष एक्स-रेवर नाहीच, लघवीतल्या एचसीजीवर आहे. तो आकडा शून्याला टेकत नाही तोवर कुठेतरी पेशी आहेत, असं त्याचं म्हणणं. बायांना विषारी औषध विनाकारण देतो म्हणून त्याला तिथून जायला सांगण्यात आलं. पुढे कळलं की त्याच्या पद्धतीने गेलेल्या बाया बऱ्या राहिल्या आणि लवकर थांबलेल्यांच्यात रोग परतला. आज तुम्ही द्राक्षगर्भाच्या रिपोर्टखाली ‘एचसीजी दर आठवड्याला, उतरेपर्यंत’ अशी ओळ घालता, ती त्याचीच.

मेथोट्रेक्सेट हे एक सोंग आहे. पेशीला ते फोलेट वाटतं, ती ते आत घेते, आणि तिचं डीएनए बनवायचं यंत्र अडकतं. हे आणि याच्या आधीचं औषध ज्या लेडर्ले कंपनीत घडलं, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. गावाचं नाव पर्ल रिव्हर, न्यूयॉर्क. मोत्यांची नदी. हे नाव लक्षात ठेवा.

पण सोंग काढायला मूळ पात्र ठाऊक लागतं. ते सापडलं मुंबईत.

१९२९. परळ. हाफकिन इन्स्टिट्यूटची जुनी दगडी इमारत, एके काळचा गव्हर्नरचा बंगला. बाहेर पडलात की गिरण्यांच्या चिमण्या. आदल्या वर्षी सहा महिने संप झालाय, चाळींमधून त्याची उपासमार अजून दिसते. लुसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज बाई वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतेय. गरोदर बायांचं रक्त पातळ का होतं आणि त्या बाळंतपणात का जातात, हे शोधायला ती आलीय. तिच्या मागोमाग तुम्हीही दहा बाय बाराच्या खोलीत वाकून शिरा.

चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात. सातव्या महिन्याची बाई भिंतीला टेकून बसलीय, पापणीच्या आतला भाग कागदासारखा पांढरा. जीभ लाल, गुळगुळीत. सकाळी काय खाल्लं? चहा. दुपारी? भाकरी, असेल तर डाळ. पालेभाजी? ती हसते. दूध? ती तुमच्याकडे पाहते, आणि पुन्हा हसत नाही. विल्स बाई लिहून घेते. मुंबईच्या बायांचं राहणं-खाणं यावरच्या तिच्या १९३०च्या निबंधावर सहलेखक म्हणून तळपदे हे नाव आहे. त्या चाळींत मराठीतून प्रश्न कोणी विचारले असतील, याचा अंदाज मी तरी त्या नावावरून बांधतो.

मग प्रयोगशाळा. तेच खाणं उंदरांना, माकडांना. जनावरंही फिकी पडतात. लोह देऊन उपयोग नाही, इतर जीवनसत्त्वं देऊन नाही. शेवटी मार्माइट: बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळा, खारट, चिकट अर्क, पावाला लावून खायचा. माकड उठून बसतं. बायांना देतात, त्याही उठतात. १९३१ला हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून येतं. त्या अर्कात काय आहे हे तेव्हा कळलेलं नव्हतं, म्हणून बरीच वर्षं त्याला विल्स फॅक्टर म्हणत. तेच फोलेट.

आणि फोलेटचं दुसरं काम? मिथाइलचे गट पुरवणं. ज्या गटांनी आई अंड्यात आपली खूण करते, त्यांची ने-आण फोलेट आणि बी१२ करतात. गिरणीवालीच्या रक्तात जे कमी होतं, त्यातून ठसा बनतो. त्याच्या सोंगाने घडाचा कॅन्सर जातो. साठेक वर्षांनी पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची अशीच पाहणी हाती घेणार होते. आईच्या रक्तातल्या फोलेट-बी१२वरून लेकराच्या पुढच्या मधुमेहाचा माग लावायला. तो वेगळा प्रवास आहे, आत्ता नको.

कारण बंदरावर बोट लागलीय. मुंबईहून आखातात जाणारी टपालबोट. चाकाची गरज नाही, साल तेच. बहरीनला उतरून छोट्या मचव्यातून अल्-खोरला या. कतारचा पूर्व किनारा, ऑगस्ट.

गाव विचित्र शांत आहे. एक पुरुष दिसेल तर शपथ. म्हातारे, पोरं आणि बाया. बाकी सगळे घौसला गेलेत, मोत्यांच्या खाचरावर, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून दिवसभर खाली जातात, वर येतात. मोती निघाला तर तो शेवटी मुंबईच्या बाजारात जाईल, आणि येताना रुपये येतील; इथे चलन तेच, पंचम जॉर्जच्या मुखड्याचा चांदीचा रुपया. तुमच्या मुठीतला इथेही चालतो. मोती नाही निघाला तर नाखव्याचं कर्ज वाढेल. पाणबुड्या मेला तर ते त्याच्या मुलावर बसेल. इथे बापाकडून काय येतं हे पोरांना लहानपणीच माहीत असतं.

खजुराच्या झावळ्यांच्या आडोशाला एक मुलगी पडलीय. सतरा-अठराची. नवरा निघाला तेव्हा दिवस गेलेत की नाही याचीही खात्री नव्हती. आता पोट इतकं की बाया बोटांवर महिने मोजून एकमेकींकडे पाहतात. पाणी पोटात ठरत नाही. आणि आत काही हलत नाही. दाया बसलीय तिच्या पायांशी. दाई नव्हे, दाया. पण तुम्ही ऐकलंत ते बरोबरच. पहाटेपासून रक्त जातंय, आधी काळपट, आता लाल. मग एक कळ, आणि दायाच्या हातावर तो येतो.

ती हात उजेडाकडे नेते. देठांना लगडलेले पारदर्शक मणी, ओंजळभर. मोत्यांच्या गावात वाढलेली बाई ती, मणी हातात आला की बोटांनी फिरवून पाहायची सवय. ती एक फिरवते. तो फुटतो, पाणी होतं.

कोणीतरी म्हणतं, नजर लागली. कोणी जिनाचं नाव घेतं. मुलीची सासू काहीच बोलत नाही, पण तिची मान जशी वळते तशी निफाडच्या बायकांची वळलेली तुम्ही पाहिलीय. हिच्याच पोटात काहीतरी खोट. तुम्हाला सांगावंसं वाटतं की बाई, यात हिचं काही नाही, हे सगळंच्या सगळं तुझ्या मुलाचं आहे. अरबी येत असतं तरी सांगितलं नसतंत. आणि ते तरी कुठे पूर्ण खरं? त्याने काय केलं? तो आत्ता दहा वाव पाण्याखाली आहे.

रक्त दुपारपर्यंत थांबतं. मुलगी वाचते. सप्टेंबरअखेर गुफ्फाल होतो, मोसम संपतो, गलबतं परततात, बाया किनाऱ्यावर धावतात; तीही जाते, अशक्त, पण उभी. तुम्ही थोडं थांबा. डिसेंबरात ती खोकू लागेल. ओठांवर रक्त येईल. गावात कोणी म्हणेल क्षय. ऑगस्टातल्या त्या ओंजळीशी या खोकल्याचा संबंध तुमच्याखेरीज कोणी जोडणार नाही, आणि तुमच्याकडे ना एक्स-रे, ना मेथोट्रेक्सेट. पर्ल रिव्हरला ते तयार व्हायला अजून वीसेक वर्षं आहेत. दोहात रुमैला इस्पितळ उघडेल १९५७ला.

चाक पुढे फिरवा. लवकर.

लॅब. चहा पार गार. ट्यूबलाइटखाली तीच स्लाइड, तोच निळा घड. ‘विलस स्ट्रोमा आणि सायटोट्रोफोब्लास्ट पी५७ निगेटिव्ह, अस्तरात पॉझिटिव्ह: पूर्ण द्राक्षगर्भाशी सुसंगत’, एवढं टाइप करून मोकळं व्हायचं. सुदानी रेसिडेंट दारातून डोकावते. ‘दुक्तूरा, उन्कूदी?’

तुम्ही मान हलवणार तेवढ्यात कागदाची मागची बाजू दिसते. काल वाचायची राहिली होती. तिसरं गरोदरपण. मूल नाही. आधीचे दोन्ही असेच.

थांबा.

एकदा घड पडलेल्या बाईला दुसऱ्यांदा तसाच पडण्याचा संभव शंभरात एक-दोन. तीनदा ओळीने, हा योगायोग सहसा नसतो. २००६ला माँट्रियलच्या रिमा स्लिम आणि सहकाऱ्यांनी अशा घराण्यांमध्ये एनएलआरपी७ हे जनुक बिघडलेलं दाखवलं. बाईच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तिच्या अंड्यात गुणसूत्रं येतात, पण त्यांवर आईचा ठसा उमटत नाही. घडात निम्मं तिचं असतं, निम्मं नवऱ्याचं, आणि तरीही तिचं निम्मं बापाचं असल्यासारखं वागतं. तो दांडगट आरएनए दोन्हीकडून मोकाट, पी५७ दोन्हीकडे मिटलेलं. स्लाइड? हुबेहूब हीच. निळी.

म्हणजे मघापासून तुम्ही मनाशी जी गोष्ट रचत आलात, की यात आईचं काही नाही, ती या बाईच्या बाबतीत खोटी असू शकते. आणि दोन बिघडलेल्या प्रती एका मुलीत एकत्र कशा येतात? आई-बाप एकाच घरातले असले की सोपं पडतं. कतारी लोकांत निम्म्याहून अधिक लग्नं नात्यात झालेली इथल्याच एका पाहणीत दिसली होती. नाकं मुरडू नका. तुमच्या आजीने मामाची पोर सून करून आणली तेव्हा घरात पेढे वाटले होते.

पी५७ इथे आणखी काही सांगणार नाही. आई-बाप आणि घड, तिघांचे डीएनए शेजारी ठेवून पाहावं लागेल, काजी-ओहामांनी खुणा जुळवल्या तसं, फक्त आता यंत्रावर. घडात आई सापडली तर एनएलआरपी७ वाचायला पाठवायचं. आणि मग त्या बाईला कोणीतरी समोर बसवून सांगायचं की चौथ्यांदाही बहुधा असंच होईल.

‘उन्कूदी, हो,’ तुम्ही रेसिडेंटला म्हणता, ‘पण रिपोर्ट अजून सोडू नकोस. नवऱ्याचं रक्त मागव. बायकोचंही.’

‘नवऱ्याचं कशाला, विचारतील.’

‘विचारू दे.’

ती जाते. तुम्ही ब्लॉकचा नंबर दुसऱ्या कागदावर उतरवता, स्लाइड ट्रेमध्ये परत ठेवता, आणि फोन लावता. पलीकडे टीव्हीचा आवाज, मग तो कमी होतो.

‘काय गं, जेवलीस का?’

‘जेवते. बोला दादा. किती भाव काढला?’

‘भावाचं सोड,’ वडील म्हणतात, ‘खालच्या प्लॉटात या खेपेला काही मण्यांत बी निघालंय. थॉमसनमध्ये! व्यापारी म्हणतो, हा माल बाजूला काढा.’

‘किती मोठं?’ तुम्ही विचारता, आणि हातातलं पेन ठेवून देता.